नकाशाच्या कोपऱ्यात नाव कोणाचं? निविदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
सरकारी खाती, महापालिका आणि जिल्हा परिषदांमध्ये नकाशे व सर्वेक्षणाच्या कामांच्या निविदा लिहिणारे सर्व अधिकारी

महोदय, महोदया,

गेल्या सोमवारी रात्री जेवणं झाल्यावर मी पोर्टलवरून एक निविदा उतरवून घेतली. ११८ पानं. काम आमच्याच जिल्ह्यातलं. मोर्शी-वरुडकडच्या संत्र्याच्या पट्ट्यातल्या विहिरी आणि बोअर एकेक करून नकाशावर आणायचे. प्रत्येकाचं ठिकाण, खोली, पाण्याची पातळी, गट नंबर, फोटो. मी बायकोला म्हटलं, हे तर आपलंच काम आहे. ती म्हणाली, "आधी अटी वाचा."

एकतिसाव्या पानावर घोडं अडलं. मागच्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल किमान १५ कोटी. पगारपत्रकावर किमान १०० तांत्रिक कर्मचारी. आणि एका ठरावीक कंपनीच्या सॉफ्टवेअरचे, नाव लिहून, किमान १० परवाने.

माझी गेल्या वर्षीची उलाढाल ३८ लाख. माणसं आम्ही चार, हिशेब पाहणारी बायको धरली तर पाच. अमरावतीत एका किराणा दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, चार संगणक, कर्जावर घेतलेला एक रोव्हर (उपग्रहांच्या मदतीने जागेचं अचूक ठिकाण मोजणारं, काठीवरचं यंत्र), एक छोटा ड्रोन. हा पसारा मी २०११ मध्ये मांडला. त्याआधी पाच वर्षं पुण्यातल्या एका कंपनीत परदेशातल्या गावांचे रस्ते माउसने गिरवत बसायचो. ज्या गावाला कधी जाणार नाही त्या गावाच्या गल्ल्या पाठ झाल्या होत्या. मग वाटलं, आपल्या जिल्ह्याचं काम आपल्या जिल्ह्यात बसून का करू नये. म्हणून परत आलो.

ही निविदा कोणत्या खात्याची ते मी मुद्दामच लिहीत नाही. एका खात्याचा हा प्रश्नच नव्हे. गेल्या दहा वर्षांत वाचलेल्या बहुतेक निविदांची भाषा हीच असते, इतकी हीच की कधीकधी मधल्या एखाद्या पानावर दुसऱ्याच जिल्ह्याचं नाव खोडायचं राहून गेलेलं दिसतं. तेव्हा हे पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि ज्यांच्या पैशातून हे नकाशे होतात त्या वाचकांनाही.

आधी उलाढालीच्या अटीबद्दल. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राच्याच व्याख्येप्रमाणे १० कोटींपर्यंत उलाढाल आणि अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला उद्योग 'सूक्ष्म' ठरतो. त्याआधी उलाढालीची ही मर्यादा ५ कोटी होती. म्हणजे १५ कोटींची अट लिहिताना तुम्ही देशातला प्रत्येक सूक्ष्म उद्योग एका ओळीत दाराबाहेर उभा केलात. माझ्याकडे उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र आहे, लॅमिनेट करून भिंतीवर लावलंय. केंद्राच्या खरेदी धोरणात आमच्यासारख्यांकडून २५ टक्के खरेदी करायची आणि बयाणा रकमेतून आम्हाला सूट द्यायची असं म्हटलंय. निविदापूर्व बैठकीत हे दाखवलं की उत्तर येतं, ते केंद्राच्या खात्यांना, आमच्याकडे ते लागू नाही. बरं, लागू नसेल. पण जे धोरण दिल्लीला पटलं ते अमरावतीला पटू नये, असं त्यात काय आहे?

आता तुम्ही म्हणाल, मोठं काम आहे, छोट्या माणसाला झेपेल का? याच मुद्द्यावर मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण शेवटी ते काम झेपवतो छोटाच माणूस.

तीन वर्षांपूर्वी असंच एक विहिरींचं काम निघालं होतं. ते एका मोठ्या कंपनीला मिळालं. तिने ते दुसरीला दिलं, दुसरीने तिसरीला. निविदेचा निकाल लागून पाच आठवडे झाले आणि तिसऱ्या कंपनीच्या माणसाचा मला फोन आला. "सर, तुमच्याकडे लोकल टीम आहे ना?" मी हो म्हटलं. घरात दोन हप्ते थकलेले होते. सरकारने विहिरीमागे किती दर मंजूर केला ते मला पुढे माहितीच्या अधिकारात कळलं: ६४० रुपये. माझ्यापर्यंत पोचले ११५. मधले ५२५ कुठे मुरले ते मी विचारत नाही. ओलिताची जमीन आहे, मुरतं.

११५ रुपयांत काय होतं ते सांगतो. संत्र्याच्या बागेत एक पोरगा दिवसाला बारा-पंधरा विहिरींच्या वर जाऊ शकत नाही. मालक शेतात नसतो, कुंपणाला कुलूप असतं, कुत्रं असतं. बोअरची खोली मालकाला विचारावी लागते आणि तो आधी तुम्ही कोण, वीज तोडायला आलात की अनुदान द्यायला, हे विचारतो. त्याच्याशी दहा मिनिटं बोलल्याशिवाय खरी खोली कळत नाही. दुचाकीचं पेट्रोल, पोराचा रोज, मोबाइलचा डेटा काढला की हातात उरतं ते चहापुरतं. मग कंपन्या काय करतात? विहिरी ऑफिसातच शोधतात. उपग्रहाच्या चित्रात गोल काळा ठिपका दिसला की ठेवला बिंदू. उंटावरून शेळ्या हाकायची म्हण जुनी झाली. आता उपग्रहावरून हाकतात.

त्या कामात मार्चअखेर गाठायची म्हणून तिसऱ्या कंपनीने निम्म्या विहिरी अशाच टेबलावर बसून मांडल्या आणि आम्हाला सांगितलं, "फक्त रँडम चेक करा." एका गावाच्या यादीत २१२ विहिरी होत्या. आम्ही सगळ्या फिरलो, कारण मला झोप लागली नसती. त्यातल्या ४१ विहिरीच नव्हत्या. काही चिंचेच्या झाडाच्या सावल्या होत्या, काही उकिरडे, एक जळालेलं कुटाराचं ढीगवजा वर्तुळ, आणि दोन जागी पूर्वी खरंच विहीर होती. तिथे एक म्हातारे आबाजी भेटले. मी टॅबवर बिंदू दाखवला तर म्हणाले, "हे विहीर तं माह्या बापानं बुजवली. तिच्यात आता संत्र्याचं झाड हाय. तुमच्या नकाशात ते निळी काहून?"

मी ४१ जागांचे फोटो लावून अहवाल पाठवला. त्याचं काय झालं ठाऊक नाही. अंतिम नकाशा सहा महिन्यांनी एका सरकारी कार्यालयाच्या भिंतीवर पाहिला. आबाजींची विहीर तिथे निळी होती.

यात हसण्यासारखं आहे, पण थोडंच. आपल्या राज्यात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला कायद्याने बंदी आहे. बिंदू साठ मीटर सरकला की एखाद्याची विहीर त्या वर्तुळाच्या आत येते नाहीतर बाहेर जाते. मोर्शी-वरुडमध्ये बोअर हजार फुटांपर्यंत गेलेत, भूजलाच्या सरकारी मूल्यांकनात अतिउपशाच्या यादीत या तालुक्यांचं नाव येऊन जमाना झाला. इथे नकाशातली चूक म्हणजे उद्या कोणाचा तरी अर्ज फेटाळला जाणं, किंवा जिथे पाणीच नाही तिथे पुनर्भरणाचा चर खणला जाणं.

आणि चूक झाली तर जाब विचारायचा कोणाला? शेताच्या मोजणीची 'क' प्रत काढून पाहा. तिच्यावर मोजणी करणाऱ्या भूकरमापकाची सही असते, तारीख असते. मोजणी चुकली तर शेतकरी त्या माणसाचं नाव घेऊन भांडू शकतो, वरच्या अधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. तुमच्या कोट्यवधींच्या नकाशांच्या कोपऱ्यात खात्याचं बोधचिन्ह असतं, मोठ्या कंपनीचं बोधचिन्ह असतं, उत्तर दिशेचा बाण असतो. बांधावर कोण गेलं होतं, कधी गेलं होतं, कोणत्या यंत्राने मोजलं, हे कुठेच नसतं. माझं नाव छापून यावं ही हौस नाही. ते असतं तर त्या ४१ विहिरी मी मुकाट्याने जाऊ दिल्या नसत्या, आणि तुम्हालाही फोन कोणाला लावायचा ते कळलं असतं.

सॉफ्टवेअरच्या अटीकडे येतो. निविदेत काम लिहावं, हत्यार लिहू नये. सुताराला दार सांगतात, रंधा कोणत्या कंपनीचा ते सांगत नाहीत. मी सगळं काम क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरवर करतो. ते २००२ पासून वाढत आलंय, जगभरचे लोक त्यात भर घालतात, परवान्याला पैसा पडत नाही. मागे पोस्टजीआयएसचा डेटाबेस असतो, तोही तसाच. केंद्र सरकारने २०१५ मध्येच मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं धोरण काढलं. तरी निविदेत महागड्या सॉफ्टवेअरचं नाव येतं आणि आम्ही बाद. गंमत अशी की ज्या कंपन्या ते १० परवाने दाखवून काम मिळवतात, त्यांच्याकडून मला येणाऱ्या फाइली उघडून पाहिल्या की त्या क्यूजीआयएसमध्येच केलेल्या असतात.

त्यातच दुसरी अट: सगळी माहिती 'शेपफाइल'मध्येच द्या. हे ऐकायला तांत्रिक वाटतं, पण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या पोटावर येतं, म्हणून थोडं थांबून सांगतो. शेपफाइल हा नकाशाची माहिती संगणकात साठवायचा १९९०च्या दशकातला साचा. त्यात रकान्याच्या नावाला जागा दहा बाइटांची. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर मराठी साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत (यूटीएफ-८), देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन बाइट घेते. 'विहीर' हा एवढासा शब्द पंधरा बाइटांचा होतो, म्हणजे तुमच्या साच्यात विहिरीच्या रकान्याला विहीर असं नावही देता येत नाही. मजकुराच्या रकान्यालाही २५४ बाइटांची वेस आहे. त्यात मराठी ऐंशीच्या आसपास अक्षरं मावतात आणि 'शेरा' लिहिता लिहिता वाक्य अर्ध्यात तुटतं. वर अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवलीत ते सांगणारी, एन्कोडिंगची एक छोटी फाइल सोबत गेली नाही की गावांची नावं प्रश्नचिन्हांची रांग होऊन येतात. मी एका तालुक्याचा असा तक्ता पाहिलाय ज्यात शंभराहून जास्त गावांचं नाव '????' होतं. म्हणून पोरं सगळं रोमन लिपीत भरतात आणि मग एकाच गावाची चार स्पेलिंगं होतात. यावरचा उपाय २०१४ पासून प्रमाणित झालेला आहे. त्याचं नाव जिओपॅकेज. एकच फाइल, मराठी पूर्ण मावते, फुकट आहे. निविदेतला एक शब्द बदलायचाय.

शब्दांवरून आठवलं. तुमच्या निविदेत लिहिलंय, सर्व माहिती यूटीएम झोन ४३ मध्ये सादर करावी. यूटीएम म्हणजे जागेचं ठिकाण मीटरमध्ये सांगायची पद्धत, तिच्यात पृथ्वीचे सहा-सहा अंश रेखांशांचे उभे पट्टे केलेत, तेच झोन. कोणीतरी पुण्या-मुंबईच्या निविदेतून ते उचललंय. तिकडे ते बरोबरच आहे. पण झोन ४३ संपतो ७८ अंश पूर्व रेखांशावर, आणि ती रेघ जाते मोर्शीला खेटून. अमरावती शहर ४३ मध्ये, वरुड ४४ मध्ये. आमच्या एकाच जिल्ह्याचे या हिशेबाने दोन तुकडे होतात. सगळा जिल्हा एकाच झोनमध्ये द्या म्हणणं गैर नाही, कडेला थोडी खेच पडते, ती विहिरीच्या कामाला चालते. फक्त ते जाणूनबुजून ठरवलेलं असावं आणि फाइलीत तसं लिहिलेलं असावं. मागच्या कामात निम्म्या टीमने आकडे ४४ मध्ये घेतले आणि अट पाळायची म्हणून वर शिक्का ४३चा मारला. त्यामुळे वरुडच्या विहिरी सरळ सहा अंश, म्हणजे सुमारे ६२० किलोमीटर पश्चिमेला सरकल्या आणि गुजरातेत भावनगरकडच्या किनाऱ्यावर जाऊन बसल्या. ते निस्तरायला आम्हाला दोन दिवस लागले. त्याचं बिल मी लावलं नाही, कोणाला लावणार?

एक तक्रार छोटी आहे पण रोज टोचते. 'सादरीकरण' नावाखाली तुम्ही दोन-दोन गावांचं काम फुकट करून मागता. तांत्रिक गुण त्यावर असतात म्हणून आम्ही करतो. एकदा मी पाच आठवडे खपून नोंदीचा फॉर्म बनवला. कोणता प्रश्न आधी विचारला म्हणजे शेतकरी बोअरची खरी खोली सांगतो, याचा क्रमसुद्धा त्यात होता. काम मला मिळालं नाही. चार महिन्यांनी पुढची निविदा आली, तिच्या परिशिष्टात माझाच फॉर्म होता, माझ्या एका शुद्धलेखनाच्या चुकीसकट.

पैशांचं बोलायला मराठी माणूस लाजतो म्हणतात. मी आता लाजत नाही. त्या विहिरींच्या कामाचं माझं बिल जूनमध्ये गेलं आणि पैसे पुढच्या मेमध्ये आले. अकरा महिने. विचारलं की मधल्या कंपनीचं एकच वाक्य: "आम्हाला वरून मिळाले की लगेच तुम्हाला." दरम्यान बिलावरचा १८ टक्के जीएसटी मी पुढच्याच महिन्याच्या वीस तारखेला भरलेला होता, न आलेल्या पैशांवर, बायकोच्या भिशीतून उचलून. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात कलम १५ म्हणतं, ४५ दिवसांच्या पुढे देणं थकवता येत नाही. कलम १६ म्हणतं, थकलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. कायदा उत्तम आहे. तक्रारीसाठी २०१७ पासून पोर्टलही आहे. आमच्या धंद्यातल्या किती जणांनी तिथे तक्रार केली? मी तरी केली नाही, कारण या जिल्ह्यात काम देणाऱ्या कंपन्या मोजून तीन आहेत आणि तिघींचे व्यवस्थापक एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत. हे भ्याडपणाचं आहे, मान्य. पण चार पगार द्यायचे असतात.

शेवटची तक्रार माहितीच्या कुलपाबद्दल. १५ फेब्रुवारी २०२१ला केंद्राने भू-स्थानिक माहितीची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, तो दिवस आमच्यासाठी दिवाळीचा होता. नकाशा करायला आधी परवानगी लागण्याची कटकट गेली. जनतेच्या पैशातून झालेली माहिती, सुरक्षा यंत्रणांची गोपनीय माहिती सोडून, भारतीय व्यक्ती-संस्थांना सहज मिळावी असंही त्यात आलं. २८ डिसेंबर २०२२ला राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण अधिसूचित झालं, सूर तोच. मी तत्त्वांची प्रत दुचाकीच्या डिकीत ठेवतो. कारण अजूनही रोव्हरची काठी रोवली की गावात कोणीतरी फोन करतं आणि मला परवानगीचं पत्र मागितलं जातं. ते चालायचंच, त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

पण कार्यालयात तरी माहीत असायला हवं ना? एका गावाच्या शिवेच्या माझ्याकडे चार फाइली आहेत, चार वेगवेगळ्या खात्यांकडून चार कामांसाठी मिळालेल्या. चारही एकमेकींवर बसत नाहीत. कुठे चाळीस मीटरचा फरक, कुठे शंभराचा. कारणं समजण्यासारखी आहेत. मूळ गाव नकाशा साखळीने मोजलेला. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, आणि साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. ज्यांनी मोजलं त्यांनी त्या काळाच्या मानाने फार नेकीने मोजलं. नंतर तो कागद दमटला, आकसला, घडीवर फाटला, मग स्कॅन झाला आणि प्रत्येक खात्याच्या ठेकेदाराने आपापल्या परीने चार कोपरे धरून तो उपग्रहाच्या चित्रावर ताणला. प्रत्येक वेळी पैसे नव्याने मोजले गेले. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणं ड्रोनने मोजली गेली. ज्या गावाचं असं चित्र काढून झालंय, त्याच गावठाणावर दुसऱ्या कामासाठी पुन्हा ड्रोन उडवायचे पैसे मीच घेतलेत. घेताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते पैसे वाचू शकले असते.

तुमची बाजू मला दिसत नाही असं समजू नका. लेखापरीक्षणात आक्षेपाचा परिच्छेद निघाला की जन्मभर मागे लागतो. मोठ्या कंपनीला काम दिलं आणि ते फसलं तर कोणी तुम्हाला काही म्हणत नाही. माझ्यासारख्याला दिलं आणि फसलं तर चौकशी. शिवाय आमच्यातलेही काही जण काम अर्धवट टाकून पळालेत. एक तर माझ्याच ओळखीचा होता, त्याने रोव्हर विकून टाकला आणि आता प्लॉटिंग करतो. या भीतीला अटींची भिंत हे उत्तर तुम्हाला सोपं वाटतं. त्यापेक्षा काम तालुक्या-तालुक्यात तोडा. एक पळाला तर एका तालुक्याचं नुकसान होईल, आणि ते शेजारच्या तालुक्याचा माणूस सावरू शकेल.

तर मागण्या. साध्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेकींसाठी मंत्रालयात जायची गरज नाही, निविदेच्या शुद्धिपत्रकात भागतं.

उलाढालीची अट कामाच्या रकमेच्या प्रमाणात ठेवा आणि काम तालुकावार द्या. माणसं शंभर मागण्याऐवजी, याआधी केलेल्या एका गावाचा नकाशा मागा आणि तुमचा माणूस पाठवून त्यातल्या वीस जागा तपासा.

सॉफ्टवेअरचं नाव काढून टाका. अचूकता किती हवी ते मीटरमध्ये लिहा, झोन जिल्ह्याप्रमाणे लिहा, आणि माहिती जिओपॅकेजमध्ये, मराठीत, देवनागरीत घ्या.

पोटठेका द्यायचा तर तो लेखी जाहीर करायला लावा: कोणाला, किती गावं, काय दराने. मुख्य कंपनीचं बिल काढण्याआधी पोटठेकेदाराला ४५ दिवसांत पैसे दिल्याचा पुरावा मागा. तो एक कागद जोडायची सक्ती केलीत तर आमच्यापैकी कोणाला तक्रारीच्या पोर्टलवर जावं लागणार नाही.

प्रत्येक बिंदूच्या नोंदीत तो कोणी घेतला, कोणत्या तारखेला, कोणत्या यंत्राने आणि प्रत्यक्ष जाऊन की चित्रावरून, हे चार रकाने सक्तीचे करा. नकाशाच्या कोपऱ्यात बोधचिन्हांच्या खाली क्षेत्रकाम करणाऱ्यांची नावं छापा. चुकलो तर आमच्याकडे या.

कामाच्या रकमेतला दहावा हिस्सा स्वतंत्र तपासणीला राखून ठेवा आणि ती तपासणी करणारा मुख्य कंपनीने नेमलेला नसावा.

फुकटचं सादरीकरण बंद करा, किंवा त्याचे पैसे द्या. आमचा फॉर्म वापरलात तर आमचं नाव लिहा.

आणि काम झाल्यावर त्या त्या ग्रामपंचायतीला तिच्या गावाचा छापील नकाशा व फाइल द्या, ग्रामसभेत तो भिंतीवर लावा. बुजलेली विहीर आबाजींच्या नजरेतून सुटणार नाही.

त्या ११८ पानी निविदेची निविदापूर्व बैठक पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला आहे. बोली लावायला मी अपात्र असलो तरी प्रश्न विचारायला अपात्र आहे असं त्या ११८ पानांत कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून मी येणार आहे. ४१ जागांचे फोटो पेनड्राइव्हवर आणतो. प्रोजेक्टरची सोय होईल का, तेवढं कळवावं.

आपला,
नकाशे करणारा एक
अमरावती